सोमानंदांची गोळी आणि सोनूबाईंचा चहा

मंगल कार्यालयात त्या दिवशी लग्न नव्हतं, तरी चपला पार रस्त्यापर्यंत आल्या होत्या. दोन हजार सहा सालचा मे महिना, शर्ट अंगाला चिकटत होते, आणि आत दोनेकशे माणसं उजवा तळवा पुढे करून रांगेत उभी होती. तळव्यावर पळीने पडत होती ती स्वस्तातली गोड लाल वाइन. पण तसं म्हणायची सोय नव्हती. तिथे तिचं नाव सोमरस होतं. एरवी खोकल्याचं औषधसुद्धा दारूच्या संशयाने हुंगूनच जी घरात घेतात, ती मंडळी तळवा चोखून वर तोच हात डोक्यावरून फिरवत होती. बंदोबस्ताच्या हवालदाराने दोनदा तीर्थ घेतलं.

व्यासपीठावर उभे होते प्राध्यापक डॉक्टर सोमानंद. काळी पँट, पांढरा शर्ट, लाल टाय आणि टायवर भगवी शाल. लंडनचा कोणी भेटला तर शाल काढायची, हिमालयातला भेटला तर टाय, असा एकूण बेत असावा. मागच्या फलकावर लिहिलं होतं: 'आंतरराष्ट्रीय सोमविद्या पीठ. वाइन व मद्यपरीक्षणाची पदविका एका दिवसात. अभ्यासाची गरज नाही.'

"बाळांनो," सोमानंद म्हणाले, "ही विद्या शिकायला लंडनमध्ये गोरे लोक वर्षानुवर्षं घालवतात. पुस्तकं वाचतात, नकाशे घोकतात, द्राक्षांच्या जाती पाठ करतात. कशासाठी? ही वाइन गोड आणि ही ड्राय, म्हणजे बिनसाखरेची, एवढं सांगण्यासाठी! आणि आपल्या ऋषींनी तेच ज्ञान एका गोळीत भरून ठेवलंय!"

टाळ्या पडल्या. मग भिकाजींना वर बोलावलं. भिकाजी म्हणजे निवृत्त हेडक्लार्क, कार्यालयाच्या कमिटीवरचे. आयुष्यभर प्रत्येक कागदाला 'पुराव्याची प्रत जोडा' म्हणणारा माणूस. त्यांना आधी चिमूटभर साखर दिली. गोड. मग चमचाभर सोमरस दिला. तोही गोड. मग सोमानंदांनी पितळी डबीतून हिरवट गोळी काढली आणि भिकाजींच्या जिभेवर ठेवली.

"चावा. जिभेवर सगळीकडे फिरवा. मनात सोमाय नमः, एकवीस वेळा. आता चूळ भरा. घ्या साखर."

भिकाजींनी साखर तोंडात टाकली, आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "वाळू! अहो, वाळू खाल्ल्यासारखं लागतंय!"

"आता सोमरस."

"आंबट. थोडा तुरट. गोड अजिबात नाही!"

"हीच ती ड्राय!" सोमानंद ओरडले. "मायेचा गोडवा गेला, सत्य उरलं! मी मात्र मायेच्या पलीकडे आहे, मला कशाचीच बाधा नाही." असं म्हणून त्यांनी शर्टाच्या खिशातून एक गोळी काढून स्वतः चघळली, वर साखर खाल्ली आणि मिटक्या मारल्या. सभागृहाने हात जोडले.

मागच्या रांगेत बकुळा बसली होती. तिने हात जोडले नाहीत, कारण ती सोमानंदांच्या हातांकडे बघत होती. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बंदरावर बावीस वर्षं मासे विकणाऱ्या बाईला तराजूवाल्याचं बोलणं ऐकायची सवय नसते, त्याची बोटं बघायची असते. लोकांना पितळी डबीतली गोळी आणि स्वतःला खिशातली, हे तिने मनात नोंदवून ठेवलं.

ती आली होती मुलासाठी. तिचा अजिंक्य पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता.

अजिंक्य मुंबईत एका मोठ्या हॉटेलात वाढप्याचं काम करायचा. ते हॉटेल आपल्या दोन पोरांना स्वतःच्या खर्चाने वाइन आणि मद्याच्या खऱ्या शिक्षणाला पाठवणार होतं. लंडनच्या एका संस्थेचा अभ्यासक्रम, रीतसर परीक्षा, आणि पास झालं की जगात कुठल्याही हॉटेलात चालणारी पात्रता. निवडीसाठी सोमवारी चाचणी होती: एक लेखी पेपर, आणि चार ग्लास चाखून त्यांचं वर्णन. पंचविशीच्या आतल्यांनाच बसता येणार होतं, आणि अजिंक्यला जुलैत पंचवीस पूर्ण होत होती. ही संधी गेली की जन्मभर ताटं उचलायची.

त्यासाठी तो आठ दिवस रजा काढून घरी अभ्यासाला आला होता. खाकी कव्हर घातलेलं जाडजूड पुस्तक घेऊन सकाळपासून पडवीत बसायचा. आळीत याचा गाजावाजा झालाच. "दारूचा अभ्यास? त्येला शाळा कशाला, माज्या घरवाल्याला विचार," असं कोणी ना कोणी बकुळाला ऐकवायचंच. ती म्हणायची, "तुजा घरवाला पितो. माजा झिलगा शिकतो." बोलायची ठसक्यात, पण मनातून तीही कानकोंडी होत होती. मुलगा काय शिकतो ते आपल्याला चारचौघात धड सांगता येत नाही, याचं तिला वाईट वाटायचं.

अजिंक्यची एकच अडचण होती. हॉटेलातल्या सरावात त्याने एक बिनसाखरेची वाइन गोड म्हणून सांगितली होती. तिला पिकलेल्या फळांचा घमघमीत वास होता, त्यावर तो फसला. तेव्हापासून गोड की ड्राय म्हटलं की त्याचे हातपाय गार पडत. अशा माणसाला दुखणं सांगायच्या आधीच औषध घेऊन सोमानंद भेटले. त्यांनी त्याला दीक्षा दिली, पदविका दिली, चाचणीत चघळायला गोळ्यांची पुडी दिली आणि सांगितलं, "पुस्तक मिटून ठेव. वाचल्याने जीभ जाड होते."

त्या दिवशी त्याची दीक्षा सगळ्यात शेवटी झाली, गोळी चघळूनच तो निघाला आणि घर दहा मिनिटांवर होतं. तो आला तेव्हा बकुळाने आढीतला चांगलासा हापूस कापून ठेवला होता. त्याने फोड तोंडात घातली आणि तोंड वाकडं केलं.

"आये, आंबा आंबट हाय. गोडाचं नाव नाय."

बकुळाने दुसरी फोड खाल्ली. नुसती साखर! "ह्या आंब्याला आंबट म्हननारा रत्नागिरीत जन्मला नाय आजून. तुजं तोंड बिघडलंय."

"माया गेली, आये. आता मला खरं काय ते कळतंय."

"मंग मी खाल्ली ती काय खोटी फोड?"

तो साधूसारखा हसला. बकुळाने त्याच्यापुढे सुक्या बांगड्याचा तुकडा धरला. खारट लागतो, म्हणाला. आमसूल दिलं. आंबट, म्हणाला. म्हणजे खारट जागेवर, आंबट जागेवर, तेवढं गोडच गायब. असली कसली ही निवडक माया, असं तिला वाटलं. तासाभराने तो बंदरावर फिरून आला आणि बोलता बोलता उरलेल्या फोडी खाऊन कोय चोखत बसला.

"आता कसा हाय?" बकुळाने हळूच विचारलं.

"गोड हाय की," तो म्हणाला आणि कोय हातात धरून थांबला.

"माया परत आली वाटतं. जेवायच्या येळेला बरी येते."

अजिंक्यचा चेहरा उतरला, मग तो चिडला. "तुला ह्यातलं काय कळतं? तू मासे विकतेस!"

बकुळाला ते लागलं, फार लागलं. ते मासे विकूनच तर याच्या शाळेची फी भरली होती. पण रागापेक्षा भीती मोठी होती. सोमवारी हा गोळी चघळून चाचणीला बसणार. चारही ग्लास याला बिनसाखरेचे लागणार. आणि हा छाती काढून तसंच लिहून येणार.

मासे विकताना बकुळाचा एक शिरस्ता होता. गिऱ्हाईक म्हणालं, बांगड्याला वास येतो, की ती भांडत नसे. आधी गिऱ्हाइकाची पिशवी हुंगायची. पुष्कळदा वास बांगड्याला नसायचा, गेल्या आठवड्यात न धुतलेल्या पिशवीला असायचा. आंबा तोच, वाइन तीच, साखर तीच. आता पिशवी हुंगायची, म्हणजे जीभ, हे तिच्या लक्षात आलं. पण जिभेला झालं काय, ते कळेना.

ते कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी, सोनूबाईंच्या ओट्यावर. सोनूबाई म्हणजे पलीकडच्या घरातली म्हातारी. तिला साखरेचा आजार होता, पण सकाळचा एक चहा चमचाभर साखर घालूनच हवा, हा तिचा हट्ट. आणि गेले आठ महिने तिची तक्रार होती की सून मालन साखर घालतच नाही. मालन समोर चमचा भरून घालायची, ढवळून द्यायची, तरी सोनूबाई पहिल्या घोटाला कपाळावर हात मारायची. "तोंडावर घालते आनि मागल्या दाराने काढते," इथवर बोलणी खाल्ली होती त्या पोरीने. चहातून साखर मागल्या दाराने कशी काढतात, हे आळीत कोणी विचारलं नाही. सासू म्हणते म्हणजे सुनेचं काहीतरी असणार, असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं.

बकुळा मासे घेऊन पोचली तेव्हा तोच तमाशा चालू होता. मालन पदराने डोळे पुसत होती. बकुळाने टोपली खाली ठेवली, सोनूबाईंच्या बशीतला चहा उचलला आणि प्यायली. चांगला गोड होता.

"काकी, चहाच्या आदी काय खाल्लंस?"

"काय खाणार? आप्पा वैद्यांचं चूर्ण."

"हिरवं?"

"व्हय. पान्यासंगट गिळायला सांगितलंय, पन मी बसते चगळत. चगळल्याशिवाय औषध घेतल्यासारखं वाटत नाय."

बकुळा टोपली तिथेच टाकून निघाली, ती थेट आप्पा वैद्यांच्या दुकानात.

आप्पा सत्तरीचे, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारे, पण डोक्याने लख्ख. त्यांनी गोष्ट ऐकली आणि खो खो हसले. "मधुनाशिनी! गुडमार म्हणतात तीच. साधी वेल आहे. पाला जिभेवर चोळला की गोड ओळखणाऱ्या जागा काही वेळ झाकल्या जातात. अर्धा तास, फार तर तास. मग साखर नुसती कचकचते. खारट, आंबट, कडू सगळं लागतं, गोड तेवढं लागत नाही. मंत्र म्हणा की शिव्या द्या, पाल्याला फरक पडत नाही."

"आनि सोनूकाकीची साखर बरी हुनार का त्याने?"

"नुसत्या चूर्णावर अजिबात विसंबू नका. डॉक्टरांच्या गोळ्या चालू हव्यात, आणि चहातली साखर बंद. हे मी तिला चार वेळा सांगितलंय. तेवढं तिला ऐकू येत नाही."

शनिवारी सोमविद्या पीठाचा पदवीदान समारंभ होता. भिकाजींनी आपली पदविका आधीच चौकटीत बसवून आणली होती. अजिंक्यला रविवारच्या गाडीने मुंबई गाठायची होती. सोमानंद माइकवर म्हणाले, "कोणाला शंका असेल तर विचारा." असं विचारल्यावर कोणी उठत नाही, हा त्यांचा आजवरचा अनुभव असणार. बकुळा उठली. मागून आप्पा, मालन आणि मालनच्या हातात झाकलेलं ताट.

अजिंक्यने मान खाली घातली. "आये, बस ना खाली," तो पुटपुटला.

"शंका नाय, महाराज. मलापन सिद्धी झालीय, ती दाखवायची हाय," बकुळा म्हणाली.

सभागृहात हशा पिकला. तिने भिकाजींना बोलावलं, आप्पांचं चूर्ण त्यांच्या जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटून खणखणीत आवाजात मंत्र सुरू केला: "बांगडा, सुरमई, पापलेट, मोरी, मांदेली, बोंबील! बांगडा, सुरमई..." एकवीस वेळा नाही, तीनच वेळा म्हटला, कारण लोक हसून पडायला लागले होते. मग चूळ, मग साखर.

भिकाजी साखर चावत राहिले. त्यांचा चेहरा फिका पडला. "वाळू," ते बारीक आवाजात म्हणाले.

"बोंबलाच्या नावाने माया गेली तुमची," बकुळा म्हणाली. आप्पांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि चार वाक्यांत मधुनाशिनी समजावून सांगितली.

सोमानंद डगमगले नाहीत. धंद्यात मुरलेले होते. "वनस्पती ही निमित्त!" ते गरजले. "खरी शक्ती साधकाची. माझी जीभ पाहा, तिला गोडही कळतं आणि ड्रायही!"

"तेच बगायचंय," म्हणत बकुळाने मालनच्या ताटावरचं झाकण काढलं. "फक्त गोळी खिशातली नको. आमाला देता त्या पितळी डबीतली घ्या. आनि गिळू नका, चावा. मग हे चार ग्लास चाखून सांगा. कोकम सरबत हाय. माज्या अजिंक्यच्या चाचनीलापन चारच ग्लास ठेवतात."

सोमानंदांचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि अर्ध्या वाटेत थांबला. "डबीतली, डबीतली!" मागून आवाज उठले. सर्वांत मोठा आवाज हवालदाराचा होता. सुटका नव्हती. त्यांनी पितळी डबीतली गोळी चावली, चूळ भरली आणि ग्लास उचलला. रिकाम्या जिभेची भरपाई त्यांनी शब्दांनी केली.

"पहिला, अहाहा! मध्यम गोड. डोंगरउतारावरच्या द्राक्षासारखा. दुसरा पूर्ण ड्राय, स्वभावाने गंभीर. तिसरा... गोडाकडे झुकणारा, पण लाजरा. चौथा ड्राय, आणि शेवटी किंचित पश्चात्ताप."

बकुळाने मालनकडे पाहिलं. आठ महिने जिचं कोणी ऐकून घेतलं नव्हतं ती मालन माइकपाशी आली. एकेक शब्द स्वच्छ उच्चारत ती म्हणाली,

"चारी गलास एकाच पातेल्यातलं हायत. आनि साखर मी घातली होती." तिने गर्दीतल्या सासूकडे पाहिलं. "ह्या येळेलाबी."

सभागृहात एकच गलका उठला. लोक चारही ग्लास चाखायला पुढे धावले. सगळे सारखे, सगळे गोड. त्या गोंधळात सोमानंदांना कोणाचा तरी तातडीचा फोन आला. तो घेण्यासाठी ते मागच्या दाराने बाहेर गेले आणि रिक्षात बसूनच बोलत राहिले असावेत, कारण परत आले नाहीत. हवालदार त्यांच्या मागे निघाला, पण आधी त्याने उरलेली बाटली पुरावा म्हणून ताब्यात घेतली.

सोनूबाई तशीच बसून होती. मालन जवळ आली तेव्हा तिने सुनेचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. "मी तुजं तोंड बगितलं नाय, पोरी," ती म्हणाली, "नुसती माजी जीब खरी मानली."

अजिंक्य घरी आला तो थेट पडवीत जाऊन बसला. चारचौघांत आईने आपल्याला उघडं पाडलं, असं त्याला वाटत होतं, आणि आपणच आपल्याला उघडं पाडलं हेही कळत होतं. दोन्ही एकदम सोसायला जड जात होतं. बकुळाने समजूत काढली नाही. पुस्तक त्याच्यापुढे ठेवलं. "कितव्या पानावर बंद केलंस?"

"अडतीस."

"मंग एकोनचाळिसापासून वाच. मोठ्याने. मलापन कळू दे तू काय शिकतोस ते."

तो वाचू लागला. बकुळा कोळंबी सोलत ऐकत होती. द्राक्षाची साल, साखरेची दारू कशी होते, ब्रँडी म्हणजे काय, मधेच ती 'थांब, परत सांग' म्हणायची आणि त्याला मराठीत समजावून सांगावं लागायचं. एक्केचाळिसाव्या पानावर तो अडखळला. तिथे लिहिलं होतं: फळांचा वास म्हणजे साखर नव्हे. वास नाकाचा, गोडी जिभेची. संशय आला तर नाक चिमटीत धरून चाखा. वास जातो, साखर असेल तर उरते.

त्याने पुस्तक खाली ठेवलं. सगळं भय ज्या एका गोष्टीचं होतं, तिचं उत्तर तीन पानं पुढे होतं. आणि त्याने नेमकं तिथेच पुस्तक मिटलं होतं, एका टायवाल्याच्या सांगण्यावरून.

बकुळा उठली आणि आढीतला एक आंबा घेऊन आली. घमघमाट सुटलेला, पण अजून पुरता न पिकलेला. "नाक धर आनि खा."

त्याने नाक धरून फोड खाल्ली. "आंबट हाय, आये!"

"आज तुजं तोंड बरोबर हाय," बकुळा म्हणाली. अजिंक्य हसला, आणि मग त्याला रडू आलं. "मी तुला मासे विकतेस म्हटलं," तो म्हणाला. ती म्हणाली, "विकतेच. त्यात काय खोटं?" पण तिचेही डोळे भरून आले होते.

सोमवारी चाचणीत तिसऱ्या ग्लासाला पिकल्या फळांचा वास आला. परीक्षक बघत असताना अजिंक्यने नाक चिमटीत धरलं आणि घोट घेतला. शेजारचा पोरगा हसला. अजिंक्यने लिहिलं: ड्राय. बुधवारी फोन आला, दोघांत त्याचं नाव होतं. बकुळाने बंदरावर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "माजा अजिंक्य दारूच्या परीक्षेला बसतोय!" आणि या वेळी ती अजिबात कानकोंडी झाली नाही.

भिकाजींच्या भिंतीवर सोमविद्येची चौकट अजून आहे. आतला कागद काढून त्यांनी तिथे स्वतःच्या अक्षरात लिहून लावलंय: 'पुराव्याची प्रत जोडा.'

तर मंडळी, उद्या तुमच्या गावात कोणी साखरेची वाळू करून दाखवली, तर हात जोडण्याआधी एवढंच करा. त्याच डब्यातली चिमूटभर साखर शेजाऱ्याच्या तोंडात घाला आणि त्याला विचारा, कशी लागते. तो गोड म्हणाला, तर साखर आहे तशीच आहे, बदललात तुम्ही. आणि तेवढं विचारायचं आपण टाळलं, की कुठेतरी एखादी मालन आठ महिने बोलणी खात राहते.